‘बारा व्होल्ट’ हे नुसतं आडनाव : बदललेली लिथियम बॅटरी आणि जुना चार्जर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बटाट्यावर करपा दिसायला लागला होता. आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात, बेळगुंदी-उचगावच्या पट्ट्यात, पावसानं दोन दिवस उघडीप दिली की फवारणीची एकच घाई उडते. दिवेलागणीला मागच्या गल्लीतले काका दारात उभे. हातात फवारणीचा बॅटरी पंप, पण अंगापासून लांब धरलेला, मेलेला उंदीर शेपटीला धरून नेतात तसा.

"बाळ, हे तापालंय बघ. चार्जिंगला लावून तासभर झाला नाही."

"बॅटरी नवी घातलीय काय?"

"होय की. लिथियमची. हलकी आहे म्हणून घेतली."

"आणि चार्जर?"

"जुनाच. बॅटरी बारा व्होल्टची, चार्जर बारा व्होल्टचा. मग?"

हा "मग?" मी वर्षभरात निदान पंधरा जणांच्या तोंडून ऐकलाय. मी पॅनेल वायरिंगचं काम करतो, त्यामुळं गल्लीत कुणाचं काही तापलं, वास मारला, की वस्तू माझ्याकडं येते. फवारणी पंप, खानापूरकडच्या शेतातली झटका मशीन, पंचवीसच्या स्पीडची ई-स्कूटर, घरचा इन्व्हर्टर : सगळीकडं अ‍ॅसिडची बॅटरी मेली की दुकानदार म्हणतो, आता लिथियम घाला. घालायला हरकत काहीच नाही. सोळा लिटर पाणी पाठीवर घेऊन सरीतून चालणाऱ्याला दीड-दोन किलो कमी झाले तर त्याचा जीव निवतो. घोटाळा होतो तो बॅटरी बदलून बाकीचं सगळं तसंच ठेवल्यामुळं.

पाटलांची दहा घरं

आमच्याकडं कुठल्याही गावात जा, दहा-वीस घरं पाटलांची निघतात. आडनाव एक आहे म्हणून पाहुणा दिसेल त्या पाटलाच्या ताटावर जाऊन बसत नाही. कुठले पाटील, वरच्या गल्लीतले की देवळाजवळचे, हे विचारून मग उंबरा ओलांडतो. बॅटरीवरचं "१२ व्होल्ट" हे असंच आडनाव आहे. आत कोण राहतंय ते त्यावरून कळत नाही.

अ‍ॅसिडच्या, म्हणजे शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २ व्होल्टचे. सहा दुणे बारा. ती पूर्ण भरायची तर चार्जरला १४.४ व्होल्टच्या आसपास जोर लावावा लागतो, म्हणून "बारा व्होल्टचा" चार्जर प्रत्यक्षात तेवढे देतो.

लिथियमच्या पॅकमध्ये कप्प्यांऐवजी सुटे सेल असतात, टॉर्चच्या सेलसारखे दिसणारे, आणि ते एकमेकांना जोडलेले. आपल्या बाजारात त्यांच्या दोन जाती सापडतात. एक निकेल-कोबाल्टवाली, तिला एनएमसी म्हणतात. तिचा एक सेल नावाला ३.७ व्होल्टचा आणि भरल्यावर ४.२ चा. दुसरी लोह-फॉस्फेटवाली, एलएफपी. तिचा सेल नावाला ३.२ आणि भरल्यावर ३.६५. एनएमसी कमी जागेत जास्त वीज साठवते, पण बिघडली तर लवकर भडकते. एलएफपी थोडी जड आणि स्वभावानं शांत.

आता "बारा व्होल्ट" करायला कुणी एनएमसीचे तीन सेल जोडतो. भरल्यावर ४.२ गुणिले तीन, म्हणजे १२.६. दुसरा एलएफपीचे चार जोडतो. भरल्यावर १४.६. दोन्ही पॅकवर स्टिकर एकच : १२ व्होल्ट.

जुना १४.४ चा चार्जर चार सेलच्या पॅकला लावला तर वाट्याला ३.६ येतात. ठीक आहे, त्याचं पोट जवळजवळ भरतं. तोच चार्जर तीन सेलच्या पॅकला लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.८. त्याची मर्यादा ४.२ आहे. काकांच्या पॅकवर मी मीटर लावला तेव्हा १३.२ दाखवत होता, म्हणजे सेलमागं ४.४. आणखी अर्धा तास गेला असता तर ते माझ्या दारात आले नसते, मला त्यांच्या दारात पळावं लागलं असतं.

कुठली जात आहे ते ओळखायला लेबलावरचा बारीक आकडा बघा. ११.१ किंवा १२.६ असं कुठं छापलं असेल तर तीन सेलची एनएमसी. १२.८ किंवा १४.६ असेल तर चार सेलची एलएफपी. नुसतं मोठं "१२ व्होल्ट" आणि बाकी काहीच नसेल, तर मी तो पॅक घेत नाही. आमच्या सीमाभागात तशीही एक गंमत आहे : लाईटबिल कन्नडमध्ये, चार्जरवरचं लेबल इंग्रजीत आणि भांडण मराठीत. त्यामुळं लेबल वाचायची सवयच कुणाला लागलेली नाही. पण हे आकडे आहेत, त्यांना भाषा लागत नाही.

घागर कशी भरतात

नळाखाली घागर ठेवली की आधी तोटी पूर्ण सोडतो. पाणी गळ्यापर्यंत आलं की तोटी बारीक करतो, नाहीतर बाहेर सांडतं. आणि काठोकाठ झाली की बंद. लिथियमचा चार्जर नेमकं हेच करतो. पहिल्यांदा ठरलेला करंट सोडतो, सेल ४.२ ला टेकला की व्होल्ट तिथंच धरून ठेवतो आणि करंट बारीक-बारीक करत नेतो. शेवटी बंद करतो.

अ‍ॅसिडचा चार्जर बंद होत नाही. भरल्यावरही तो बारीक धार चालूच ठेवतो, कारण शिशाची बॅटरी आपोआप उतरत असते आणि तिला ती धार मानवते. शिवाय काही "स्मार्ट" म्हणवणारे चार्जर अ‍ॅसिडची बॅटरी सुधारायला मधूनमधून १५ व्होल्टच्या वर झटके देतात. शिशाच्या पट्ट्यांवर चढलेला थर उतरावा म्हणून ते असतं. लिथियमला तो थर चढतच नाही, तिच्यासाठी हे झटके म्हणजे निव्वळ मार. म्हणून चार सेलच्या एलएफपीलासुद्धा जुना चार्जर "चालतो" असं मी ठासून सांगत नाही.

उलटंही होतं. लिथियमचा १२.६ चा चार्जर अ‍ॅसिडच्या बॅटरीला लावला तर आग लागत नाही, पण ती कायम अर्धपोटी राहते आणि एका हंगामात मरते. मग लोक म्हणतात कंपनी बोगस.

तुमचा चार्जर काय देतो ते बघायचं तर साधा डिजिटल मीटर पुरे. डीसी २० वर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आकडा दाखवत नाहीत. तेव्हा त्यावर "आउटपुट" समोर छापलेलं वाचा.

पण पॅकमध्ये सर्किट असतं की

असतं. त्याला बीएमएस म्हणतात. बोटाएवढी हिरवी पट्टी, सेलच्या अंगावर चिकटवलेली. कुठलाही सेल ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, फार खाली उतरला, करंट अचानक वाढला, शॉर्ट झालं, की ती लाईन तोडते. बऱ्या प्रतीच्या पट्टीला तापमान बघणारी एक बारीक वायरही असते.

दुकानदार याच्याच जोरावर सांगतो, "चार्जर कुठलाबी लावा, बीएमएस कट करतंय." करतंयही. पण विहिरीला कठडा असतो तो चुकून कुणी आत पडू नये म्हणून. रोज त्यावर टेकून डुलकी काढली तर एक दिवस दगड निसटतो. चुकीच्या चार्जरवर दर रात्री बॅटरी कठड्याला टेकते. पट्टीतला स्विच, म्हणजे एक तांदळाएवढा इलेक्ट्रॉनिक भाग, पाचशे वेळा तुटतो-जोडतो आणि एकदा चिकटून बसतो. त्या दिवशी लाईन तुटत नाही, आणि ते कुणाला सांगायला दिवाही लागत नाही.

काकांच्या पॅकमध्ये तर याच्याही पुढची मजा होती. मी अंगणात बसून वरचं निळं प्लॅस्टिक कापलं. पट्टी होती, चांगली होती. पण चार्जिंगच्या सॉकेटची काळी वायर पट्टीवर आलेलीच नव्हती. जोडणाऱ्यानं ती सरळ शेवटच्या सेलच्या मायनसला सोल्डरचा डाग देऊन टाकली होती.

यातलं थोडं समजून घ्या, कारण ही चूक वरचेवर दिसते. पट्टीवर मायनसची दोन ठिकाणं असतात. एकावर "बी मायनस" लिहिलेलं असतं, तिथं सेलकडून येणारी वायर बसते. दुसऱ्यावर "पी मायनस", तिथून बाहेर जाणारी. काही पट्ट्यांवर चार्जरसाठी तिसरं वेगळं ठिकाणही असतं. चार्जर आणि मोटर दोन्हींची मायनस पट्टीच्या बाहेरच्या बाजूलाच आली पाहिजे. सेलला थेट जोडली, तर राखणदार गेटावर बसलेला आणि चोर परसातून ये-जा करतोय. काकांचा पंप चालताना पट्टीतून चालत होता आणि चार्ज होताना परसातून. चुकीचा चार्जर आणि ही वायर, दोन्ही एकाच रात्री भेटले.

म्हातारा बैल आणि खोंड

समजा चार्जर बरोबर १२.६ चा घेतला. तरीही एक फट उरते.

सेल ओळीनं जोडलेले असतात तेव्हा चार्जरला फक्त बेरीज दिसते. एक नवा सेल, दुसरा नवा, तिसरा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला. म्हातारा बैल आणि खोंड एका जुवाला जुंपल्यासारखं. म्हाताऱ्याचं पोट लहान, तो आधी भरतो आणि आधीच रिकामा होतो. भरताना दोघं नवे ४.१ वर असतात तेव्हा हा ४.४ वर गेलेला असतो. ४.१ अधिक ४.१ अधिक ४.४, बेरीज १२.६. चार्जर खूश, मीटर खूश, आणि तिसरा सेल आतून उकळतोय.

प्रत्येक सेलवर बीएमएसची एक बारीक वायर जाते ती यासाठीच. पण पट्टी किरकोळ फरक मिटवू शकते, मुळातलं वय मिटवू शकत नाही. म्हणून पॅकमधला एकच सेल बदलून "रिपेर" करून देणाऱ्याचं मला पटत नाही. सगळे सेल एका जातीचे, एका क्षमतेचे, एका वेळी घेतलेले असावेत.

क्षमतेचं आलंच म्हणून सांगतो. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा जो सेल सगळीकडं दिसतो, त्याला १८६५० म्हणतात. नावातच माप आहे. त्यात चांगल्यात चांगली कंपनी ३,५०० एमएएचच्या आसपास भरते. ९,८०० छापलेला सेल दिसला तर तो छापणाऱ्याच्या धाडसाला नमस्कार करून पुढं चला.

वायरिंग : खरं जळतं ते इथंच

लोक सेलच्या जातीवर वाद घालतात. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या निम्म्याहून जास्त वस्तूंत सेल ठणठणीत असतात, जळालेली असते ती पिन.

हिशेब सोपा आहे. ढिल्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला चेपून बसवलेल्या पिनेत, समजा ०.१ ओहमचा अडथळा आहे आणि स्कूटर चढावर १० अँपिअर ओढतेय. करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे १० वॉट उष्णता. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे मक्याच्या दाण्याएवढ्या जागेत जवळजवळ अर्धं आयर्न सीटखाली चालू ठेवून तुम्ही किल्ल्याकडून गावात येताय.

म्हणून जुनी थिंबल ओढून बघा, सहज निघाली तर बदला. पक्कडीनं चेपून पुन्हा बसवू नका. वायर पिळून वर टेप मारणं हे घरच्या बेलला चालतं, बॅटरीला नाही. पंपाला दीड एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली. स्कूटरला मूळ वायर जितकी जाड आहे त्याहून बारीक कधीच नको. प्लस-मायनस एकदा मीटरनं बघूनच जोडा, रंगावर विश्वास ठेवू नका. लाल वायर संपली म्हणून दोन्हीकडं काळीच वापरलेली मी पाहिली आहे.

फ्यूज. हा शब्द दुकानात काढला की समोरचा हसतो. "बीएमएस आहे की, फ्यूज कशाला?" कारण बीएमएस बिघडतो आणि फ्यूज बिघडला तरी लाईन तोडूनच बिघडतो. फवारणी पंपाची मोटर दोन-तीन अँपिअर ओढते, तिला ५ अँपिअरचा गाडीत असतो तसला चपटा फ्यूज बसवा. आणि तो बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ. दोन फूट वायर सोडून पुढं बसवला तर त्या दोन फुटांत शॉर्ट झालं तर त्याला पत्ताच लागत नाही.

एक गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. १८६५० सेलचं वरचं बटण प्लस, हे सगळ्यांना माहीत. पण खालची बूडच नव्हे, तर त्याचा आख्खा पत्र्याचा डबा मायनस असतो, अगदी वर बटणाच्या कडेपर्यंत. प्लस आणि मायनसमध्ये तिथं नखभर प्लॅस्टिक. वरचं रंगीत वेष्टण फाटलं, सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीची कड त्यावर घासली, आणि आपल्या रस्त्यांवरून स्कूटर वर्षभर धडधडली, की काम झालं. चांगला कारागीर त्या बटणाभोवती इन्सुलेशनच्या कागदाची गोल चकती बसवतो. वीस पैशांची चकती, पण तिच्यावरून मी माणूस ओळखतो. दुसरी खूण म्हणजे सेल निकेलच्या पट्टीनं आणि स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले असतात. सेलवर थेट डाग दिलेला दिसला तर पॅक परत करा. त्या उष्णतेनं आतला पातळ पडदा आणि वरचं सील दोन्ही दुखावतात.

"माझी दोन वर्षं जुन्या चार्जरवरच चालू आहे"

असेल. बहुतेक तुमची चार सेलची एलएफपी असणार, आणि चार्जर साधा असणार. नशीब बरं आणि गणितही बरं. किंवा तुमचा बीएमएस रोज रात्री कट करतोय आणि अजून दमलेला नाही. या दोन्हींतलं कुठलं ते बाहेरून दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

"बंद पडलेली बॅटरी शॉक देऊन जिवंत करून देतात"

दिवाळीनंतर पंप खोपटात टांगला, मृगाला काढला. मीटरवर शून्य. शून्य दिसतं कारण बीएमएसनं लाईन तोडलीय, आत थोडा जीव असू शकतो. योग्य चार्जर लावला की काही पट्ट्या आपोआप उठतात, तेवढं करून बघायला हरकत नाही.

पण दुसऱ्या बॅटरीवरून दोन वायरी घेऊन सेलवर थेट झटका देतात, त्यापासून लांब राहा. एनएमसीचा सेल २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा भरताना तेच तांबं नको तिथं जमतं आणि आतल्या आत पूल बांधतं. बॅटरी "जिवंत" होते, पंप चालतो, माणूस दोनशे रुपये देऊन खूश होऊन जातो. तो पूल पूर्ण व्हायला आठवडा लागेल की वर्ष, सांगता येत नाही.

हंगाम संपला की बॅटरी निम्म्याच्या थोडी वर भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. काठोकाठ भरून ठेवणं किंवा रिकामी ठेवणं, दोन्ही वाईट.

झटका मशीन आणि सोलर

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गवे आणि रानडुकरं यांच्यापायी भाताला झटका मशीनची तार लावल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथं बॅटरी सोलरवर भरते. "१२ व्होल्टचं" पॅनेल, पुन्हा तेच आडनाव. त्याला काही जोडलेलं नसताना उन्हात मीटर लावा, २१-२२ व्होल्ट दाखवेल. मध्ये चार्ज कंट्रोलर असतो म्हणून बॅटरी वाचते. कंट्रोलर जळाला म्हणून पॅनेलची वायर थेट लिथियमला जोडणं म्हणजे तोटी सोडून बाजाराला जाणं. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर लिथियमवर ठेवा. नसेल, तर तो अ‍ॅसिडचा आहे असं धरून चाला आणि बॅटरीबरोबर तोही बदला. इन्व्हर्टरलाही हेच लागू.

स्कूटरचा हिशेब मोठा आहे

२५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर गाडीला नोंदणी लागत नाही, त्यामुळं अशा स्कूटर गल्लोगल्ली झाल्या आहेत. साठ व्होल्टच्या गाडीत अ‍ॅसिडच्या पाच बॅटऱ्या ओळीनं असतात आणि चार्जर ७२ च्या वर जातो. त्या जागी कुणी १६ सेलची एनएमसी बसवली तर तिची मर्यादा ६७.२ आहे. ७२ ला १६ नं भागा : ४.५. पंपाच्या पॅकमध्ये सेल थोडेच, इथं शेजारी-शेजारी जोडलेल्या ओळी धरून ऐंशी-शंभर. एक पेटला की शेजारच्याला पेटवतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशभर ई-स्कूटरी पेटल्या, त्यानंतर केंद्रानं वाहनांच्या बॅटऱ्यांचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. पण ते कंपनीतून गाडीसोबत येणाऱ्या बॅटरीची परीक्षा घेतात. मागच्या खोलीत जोडून दिलेला पॅक कुठल्याच परीक्षेला बसत नाही. "कंपनीची बॅटरी परवडत नाही" ही तक्रार मला मान्य आहे, मलाही परवडत नाही. मग निदान एलएफपी घ्या, त्याच दुकानातून तिचाच चार्जर घ्या, आणि दोन्हींवरचा आकडा पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्या दुकानदाराकडून बॅटरी घेऊ नये, असं माझं ठाम मत.

कुठं लावायची

आमच्या जुन्या घरांची ठेवण तुम्हाला माहीत आहे : पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, खोली खोल-खोल जाते आणि बाहेर पडायला खरं दार एकच, पुढचं. स्कूटर कुठं लावतात? सोप्यात, त्या दाराला अडवून. रात्री लाईट स्थिर असते म्हणून झोपताना चार्जिंगला. काही झालं तर सगळं घर आत आणि आग दारात. एवढी एक जागा बदला, बाकी लेख विसरलात तरी चालेल. अंगणात, वळचणीला, परसात लावा, पाऊस लागणार नाही असं बघून. बॅटरी सुटी निघत असेल तर फरशीवर ठेवा, गादी-पोती-कडब्यापासून लांब.

फवारून आल्या-आल्या किंवा उन्हातून गाडी आणल्या-आणल्या पिन लावू नका. गार होऊ द्या. ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करू नये, आणि एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडला तेवढं गाठायला वेळ लागत नाही. पंपाच्या सॉकेटचं रबरी बूच बहुतेकांचं हरवलेलं असतं. औषधाचं पाणी आत जातं आणि पिन हिरवी पडते. कोरड्या फडक्यानं पुसून मगच लावा.

पेटलीच तर

आधी चिन्हं दिसतात : हात लावता येणार नाही इतकी उष्णता, नेलपॉलिशसारखा गोडसर वास, सूं-सूं आवाज, पांढरा धूर. धूर दिसला की बॅटरी उचलून बाहेर पळण्याचा पराक्रम करू नका, कित्येकांचे हात त्यातच भाजतात. मेन स्विच पाडा, माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. तो धूर फार विषारी असतो.

"लिथियमवर पाणी टाकलं तर भडकतं ना? शाळेत शिकवलंय." शाळेतला तो लिथियम धातू. या बॅटरीत तो तसा मोकळा नसतो, क्षारांत बांधलेला असतो. इथं आग चालू राहते ती सेल स्वतःच उष्णता तयार करतो म्हणून, आणि एनएमसीत तर थोडा ऑक्सिजनही आतूनच सुटतो. त्यामुळं पोतं किंवा माती टाकून गुदमरवता येत नाही. गार करणं हाच उपाय, आणि गार करायला पाणीच लागतं, भरपूर, लांबून, लाईट बंद केल्याची खात्री झाल्यावर. विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिला उचलून घरात आणू नका.

जुन्या पॅकचं काय करायचं

भंगारवाल्याला घालू नका. तो वजनावर घेतो आणि हातोडीनं फोडतो, त्याच्या पोराच्या डोळ्यांसमोर. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपन्यांची आहे. तेव्हा नवी घेताना जुनी दुकानदाराच्या टेबलावरच ठेवा आणि घ्यायला लावा. द्यायच्या आधी दोन्ही टोकांना टेप मारा.

काकांच्या पॅकला मी मोटारसायकलचा इंडिकेटर बल्ब जोडून अंगणाच्या टोकाला, तुळशीपासून लांब, रात्रभर उतरू दिला. सकाळी तो टेप मारून वाळूच्या बादलीत ठेवला. काकांनी चार सेलची एलएफपी आणली आणि १४.६ चा चार्जर. दोन जुने चार्जर टाकायला मात्र ते तयार होईनात, "असूदेत, कशालातरी होतील" म्हणाले. शेवटी काकींनीच तोडगा काढला. आता त्यांच्या सोप्यात तीन खिळ्यांना तीन चार्जर टांगलेत, प्रत्येकाला जुन्या लुगड्याची एकेक चिंधी बांधलेली, आणि पंपाच्या मुठीला त्यातलीच हिरवी.